तोंडचा श्वास

रेग्युलेटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली ती टोपी. माझ्या बहिणीचंही तेच झालं. ती कल्याणला राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मालवणजवळ तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखालचं जग दाखवायला नेतो. सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, ‘‘अम्मी, मला दोन रेग्युलेटर घ्यायचेत.’’ ती म्हणाली, ‘‘आहे त्याला काय झालं? परवाच तर बदलून आणला!’’

हसणं झालं. पण किंमत ऐकल्यावर हसू मावळलं. पैसे तिच्या मुदत ठेवीतून निघणार होते. ‘‘एकच घे, चांगला घे, दोन कशाला?’’ असं तिचं म्हणणं. निवाडा करायला मला ठाण्याहून बोलावलं. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. तलावांच्या शहरात आयुष्य गेलं, पण तलावपाळीच्या कठड्यापलीकडे कधी उतरलो नाही. म्हटलं, ‘‘बाबा रे, आधी मला समजावून सांग.’’ त्याने जे सांगितलं आणि मी नंतर वाचून जे ताडून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा २०० बार दाबाने कोंबलेली असते. मोटारीच्या चाकात साधारण दोन बार असते, म्हणजे ही शंभरपट झाली. ती थेट तोंडात घेतली तर फुप्फुसं फाटतील. म्हणून रेग्युलेटर. त्याचे दोन टप्पे. पहिला टाकीच्या तोंडावर बसतो आणि दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इथवर उतरवतो. तिथून नळीने हवा दुसऱ्या टप्प्यात येते, तो दातांत धरायचा. माणसाने श्वास ओढला की आतला पातळ पडदा आत खेचला जातो, तरफ दबते, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळते. ओढणं थांबलं की झडप बंद.

बहिणीला गॅस आठवला, त्यात तिची फारशी चूक नव्हती. १९४३ साली फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि झाक कुस्तो यांनी हे यंत्र आजच्या रूपात आणलं. त्याआधी युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. तीच पुढे पाण्याखाली गेली.

आता दोनच का, हा मुख्य प्रश्न. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. चाळीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. वर जो माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेतो, तो तिथे शंभर लिटर खर्च करतो. बारा लिटरच्या टाकीत २,४०० लिटर हवा मावते, म्हणजे हिशेबाने चोवीस मिनिटं. हौशी पाणबुड्यांची मर्यादा चाळीस मीटरचीच. त्यापलीकडे किंवा जास्त वेळ राहायचं, तर पाठीवर दोन टाक्या जोडून घेतात. यालाच टेक्निकल डायव्हिंग म्हणतात.

त्यात मुख्य अडचण अशी की संकट आलं म्हणून सरळ वर येता येत नाही. दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचं बूच एकदम काढलं की कसा फेस येतो, तसे एकदम वर येणाऱ्याच्या अंगात बुडबुडे होतात. लकवा होऊ शकतो, जीवही जातो. म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत यायचं. तेवढा वेळ श्वास चालू राहिलाच पाहिजे.

भाच्याने स्वतःचा अनुभव सांगितला. अठरा मीटरवर त्याच्या सोबत्याचा भाड्याचा रेग्युलेटर बिघडला. बिघडला म्हणजे बंद नाही पडला, उलट धो-धो वाहू लागला. यांची रचनाच अशी की बिघाड झाला तर झडप बहुधा उघडी राहते. श्वास तुटत नाही, पण टाकी काही मिनिटांत रिकामी होते. भाच्याने आपली जादा नळी त्याला दिली आणि दोघं वर आले. खोली कमी होती म्हणून निभावलं.

दोन टाक्यांच्या जोडीत यावर उपाय असतो. दोन्ही टाक्या वरून आडव्या नळीने जोडलेल्या, प्रत्येकीला स्वतंत्र तोंड आणि त्यावर स्वतंत्र रेग्युलेटर. एक वाहू लागला की हात मागे नेऊन त्याची चावी बंद करायची आणि दुसऱ्यावर श्वास घ्यायचा. दोन्ही टाक्यांतली उरलेली हवा त्या दुसऱ्यातून मिळते. मधल्या नळीलाही चावी असते. तिथेच गळती लागली तर निम्मी हवा तरी वाचते. मात्र तोंडातले दोन्ही भाग एकाच पहिल्या टप्प्याला जोडले, तर या सगळ्याला अर्थ नाही. तो गेला की दोन्ही गेले.

मग निवड कशी करायची? पहिलं, पहिला टप्पा ‘बॅलन्स्ड’ हवा. म्हणजे टाकी भरलेली असो वा संपत आलेली, श्वास सारखाच मिळतो. दुसरं, आतली रचना पिस्टनची की डायफ्रामची? पिस्टनचे सुटे भाग कमी आणि हवा भरपूर. पण त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात सहसा पाणी शिरतं. डायफ्रामच्या प्रकारात मुख्य यंत्रणा पाण्यापासून वेगळी राहते आणि ‘सील्ड’ असेल तर स्प्रिंगही कोरडी राहते. थंड देशांत हे सील बर्फ धरू नये म्हणून लावतात. आपल्या कोकणात बर्फ कुठला? पण नद्यांनी आणलेला गाळ आहे, वाळू आहे, मीठ आहे. म्हणून इथेही सील्ड डायफ्राम बरा. तिसरं, टाकीला बसण्याची पद्धत. योक वरून शिकंज्यासारखा आवळतात, डिन आट्यांनी आत बसतो. डिनची रबरी रिंग आत कोंडलेली असल्यामुळे टाकी खडकाला आपटली तरी ती निसटण्याची भीती कमी. म्हणून दोन टाक्यांना डिनच. आणखी एक, नळ्या खालच्या दिशेने उतरल्या पाहिजेत आणि चावीपर्यंत हात न अडखळता पोचला पाहिजे. हे दुकानातल्या काचेतून कळत नाही, टाक्यांवर बसवूनच पाहावं लागतं.

इथवर ऐकून मी माझा निवाडा दिला. म्हटलं, ‘‘दोन घे, पण एक उत्तम घे आणि दुसरा स्वस्तातला. तो काय, अडीअडचणीलाच लागणार.’’

भाचा म्हणाला, ‘‘मामू, इथेच लोक चुकतात. मी श्वास घेतो त्या रेग्युलेटरला दोन मीटरची लांब नळी असते. दुसरा आखूड नळीचा, रबराच्या फासात हनुवटीखाली लटकवलेला. सोबत्याची हवा संपली तर त्याला कुठला द्यायचा?’’

‘‘लटकवलेला,’’ मी म्हणालो.

‘‘नाही. तोंडातला द्यायचा. घाबरलेला माणूस तसाही तोंडातलाच ओढतो. आणि तो चालू आहे हे मला पक्कं ठाऊक असतं, कारण आताच त्यातून श्वास घेतलाय. मग हनुवटीखालचा मी घ्यायचा. म्हणजे तुमचा तो स्वस्तातला माझ्या वाट्याला येणार, आणि नेमका सगळ्यात वाईट वेळी.’’

ही पद्धत अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये रुळली. अरुंद बोगद्यातून दोघांना शेजारी-शेजारी पोहता येत नाही, एकामागे एक यावं लागतं. म्हणून नळी लांब. तिथले पाणबुडे हवेचे तीन हिस्से करतात. एक जायला, एक परतायला आणि तिसरा राखीव. आपल्यावर वेळ आली नाही, तरी सोबत्यावर येऊ शकते, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे ‘तोंडचा घास देणं’ म्हणतात. मी कवितेत तो शब्दप्रयोग कितीदा तरी वापरला असेल. तोंडचा श्वास देण्याची रीत मात्र मला या पोराकडून कळली.

बहीण इतका वेळ गप्प होती. तिने एवढंच विचारलं, ‘‘आणि तुझी संपली, तर समोरचाही असाच देईल ना?’’

‘‘त्याच्यासोबतच उतरतो, अम्मी, जो देईल.’’

दुसऱ्या दिवशी तिने ठेव मोडली. एकाच बनावटीचे, मधल्या किमतीचे दोन रेग्युलेटर आले. एकाच बनावटीचे अशासाठी की सुटे भाग तेच आणि हाताची सवय तीच. घेण्याआधी भाच्याने विचारलं ते दुरुस्ती कुठे होते आणि त्याचे भाग मिळतात का, हेच. दरवर्षी ते उघडून रबरी रिंगा बदलाव्या लागतात. तेवढं होत नसेल तर महागातलं यंत्रही काही कामाचं नाही.

कोकण किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथा सुमारे वीस मीटर खोल आहे आणि त्यावर प्रवाळ आहेत. तिथे कधीतरी उतरायचं, हे भाच्याचं स्वप्न. अजून तो तारकर्लीलाच आहे, शिकतो आहे.

गेल्या आठवड्यात कल्याणला गेलो होतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर बहीण गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते. ती होतीच. तिच्याच खाली, त्याच पेनने दुसरी तारीख लिहिली होती आणि पुढे शब्द होते, ‘दोन्ही रेग्युलेटर, सर्व्हिसिंग’.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)