गिअर अडखळतो? आधी बुश तपासा

अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी काही घरांपुढे जुनी गाडी अजून उभी दिसते. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा सैल झाला की गिअरबॉक्सच गेला असे समजून खर्चात पडू नका. दांडा व गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळयांच्या सांध्यांत लहान बुश असतात. ते झिजले की हाताची हालचाल पुढे पूर्ण पोचत नाही. घाटात ऐनवेळी गिअर पडला नाही, तर जिवावर बेतते.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी इंजिन बंद करून चाकांना दगड लावा. एकाने क्लच दाबून दांडा हलवावा, दुसऱ्याने सांधे पाहावेत. दांडा हलतो पण सळई जागीच राहते, तिथला बुश गेला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

सळई सोडण्यापूर्वी नटाच्या जागेवर खूण करा. जुना बुश नमुना म्हणून दुकानात न्या. रबरी बुश साबणाच्या पाण्याने बसवा. साध्या ग्रीसने रबर फुगते. भोक लांबट झाले असेल तर तेही दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवा बुश टिकणार नाही. कॉटर पिन नवीच घाला. शेवटी उभ्या गाडीत सर्व गिअर टाकून पाहा. तरीही अडखळले, तरच गिअरबॉक्स खोलावा.