जीप पुढून उंच करताना

संग्रामपूर तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याला टेकलेली आहे. सोनाळा, टुनकीच्या पुढे अंबाबरवा अभयारण्याचे रान लागते, तर दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. पावसाळ्यात या मातीत चाकांचे खोल चर पडतात आणि मधल्या उंचवट्याला जीपचे पोट घासते. डोंगराकडे गेले तर नाल्यातले दगडगोटे. त्यामुळे "उस्ताद, गाडी पुढून जरा उचलून द्या" अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक गॅरेजवर येते, यात नवल नाही. काम दिसायला सोपे, मजुरीही बरी. आमचे म्हणणे एवढेच की हे काम हातात घेण्याआधी टेप घेऊन माप घ्यावे. पुष्कळ गाड्यांना उंच करण्याची गरजच नसते. त्यांचे पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसलेले असतात. मूळ मापाचे नवे पाटे आणि नवे बुश टाकले की गेलेली उंची परत येते. तिथे काम थांबावे.

विलीस पद्धतीच्या जुन्या जीपा, महिंद्राची ५४०, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी, या सर्वांना पुढेही सलग ॲक्सल आणि पाटेच आहेत. (जाता जाता, आपल्या देशात जीप जोडणारी ही कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.) पाट्याचे काम आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. म्हणूनच त्यातली खोट कुठे लपते हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शॅकल लांब करणे. पाट्याच्या टोकाची झुलती पट्टी दोन इंच लांब केली की गाडी साधारण एक इंच उचलते. पण या गाड्यांत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांबली की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, ॲक्सल फिरतो आणि किंगपिनचे डोके पुढे झुकते. सायकलचा चिमटा आठवा. त्याचा दांडा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. मोटारीत या कलाला कास्टर म्हणतात. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, गाडी रस्ता सोडून भटकते, आणि वेगात एखादा खड्डा लागताच पुढची चाके थरथरू लागतात. चालक म्हणतो बॅलन्सिंग करा. बॅलन्सिंगने हा दोष जात नाही. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य अंशाची लोखंडी पाचर बसवून किंगपिनचा कल परत आणावा लागतो.

दुसरा प्रकार गॅसच्या ज्योतीवर पाटा तापवून त्याला पुन्हा कमान देण्याचा. हा मात्र सरळ नुकसानीचा धंदा आहे. पाट्याचे पोलाद कारखान्यात तापवून, तेलात विझवून, मग ठरावीक उष्णतेवर पुन्हा भाजून तयार केलेले असते. त्याची लवचीकता त्या क्रमात आहे. ज्योत जिथे लागते तिथे ते पाणी उतरते. चार दिवस गाडी उंच दिसते, मग पाटा त्याच जागी बसतो किंवा तुटतो.

एखादा जास्तीचा पाटा घातला तर पुढचा भाग ताठ होतो आणि चाक रस्त्याला चिकटून न राहता उड्या मारते. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवले तर उंची एकदम चार-पाच इंच वाढते. पण मग वेल्डिंगच्या नव्या बैठका, स्टिअरिंगचा दांडा, प्रोपेलर शाफ्टचा कोन, सगळेच बदलावे लागते, आणि जोरात ब्रेक मारताना पाटा पिळवटतो. शिवाय गाडीचा भार वर गेल्याने उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. घाटात माणसे भरून नेणाऱ्या गाडीला हे काम करून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणताही बदल केला तरी चासिस उचलून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का? शॉकअप पुरतो का, की सगळा भार त्याच्यावरच लटकतो? स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा फार तिरपा झाला तर खड्ड्यात गाडी आपोआप वळते. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, आणि काही दिवस गाडी चालल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून ते पुन्हा आवळावेत.

बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, आणि २०१० च्या थारला टॉर्शन बार. बोल्ट फिरवून टॉर्शन बार ताणला की गाडी क्षणात उचलते, म्हणून मोह होतो. पण मग हाफ शाफ्टचे सांधे कायम तिरपे फिरतात, रबरी बूट फाटतात आणि आत माती जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीही या बदलावर बोट ठेवू शकते. मूळ मापाचा झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला अडचण नाही. म्हणून बिलावर गाडीचा नंबर, टाकलेल्या पाट्यांची संख्या आणि काम करण्यापूर्वीची व नंतरची उंची लिहावी. मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकण्याची आपली जुनी रीत आहे. गॅरेजमध्ये ती कागदावर यावी, आणि त्याची एक प्रत आपल्या गल्ल्यातही राहावी.