पोर्तोची निळी भिंत आणि पणजीची ओळख

पोर्तुगालच्या पोर्तो शहरात बाताल्या चौकात पोहोचलात, की पायऱ्यांच्या वर दोन मनोऱ्यांचं सेंट इल्डेफोन्सो चर्च दिसतं. त्याची दर्शनी भिंत निळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरलेली आहे. जवळ गेल्यावर कळतं, ही चित्रं सुमारे 11,000 टाईल्स जोडून साकारली आहेत. टाईलवर चित्र रंगवून ती भट्टीत भाजतात, म्हणून ऊन-पावसातही रंग टिकतो.

गंमत म्हणजे चर्च 1739 मध्ये पूर्ण झालं, पण टाईल्स बसल्या 1932 मध्ये. चित्रकार होते जॉर्ज कोलासो. जवळच्या साओ बेंतो रेल्वे स्टेशनातल्या टाईल्सही त्यांच्याच. दोन्ही ठिकाणं पायी सहज पाहून होतात.

पोर्तो लांब वाटतंय? मग पुढच्या गोवा सहलीत बीचवरून थोडा वेळ काढा. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात याच कोलासोंच्या निळ्या टाईल्स आहेत. त्यांवर पोर्तुगीज कवी कामोएस यांच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. त्या इमारतीवरून आपण अनेकदा गेलेलो असतो, आत मात्र डोकावत नाही. यावेळी मुलांना घेऊन नक्की डोकवा.