रक्तातील साखरेवर पहारा

कॅनडातील टोरांटो शहराच्या रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला एक नवे औषध टोचण्यात आले. मधुमेहाने तो अगदी अस्थिपंजर झाला होता. औषध पुरेसे शुद्ध नसल्यामुळे त्या दिवशी फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप या शास्त्रज्ञाने ते अधिक शुद्ध केले व २३ जानेवारीस ते पुन्हा टोचले, तेव्हा मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले हे औषध म्हणजे इन्सुलिन होय.

आपण खाल्लेल्या अन्नापासून साखर तयार होते व ती रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते. परंतु इन्सुलिनवाचून तिला बहुतेक पेशींत शिरता येत नाही. दाराशी धान्याची पोती पडून राहावी आणि घरातील माणसे मात्र उपाशी मरावी, तशी तेव्हा शरीराची स्थिती होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा रोग पुष्कळदा लहान वयात जडतो. तो फार गोड खाल्ल्याने होत नाही, संसर्गाने पसरत नाही, आणि त्यात त्या मुलाचा किंवा त्याच्या आईबापांचा काहीही दोष नसतो.

इन्सुलिनमुळे मुले वाचू लागली. परंतु पंधरा-वीस वर्षांनी एक नवेच संकट पुढे आले. कोणाची दृष्टी अधू झाली, कोणाची मूत्रपिंडे निकामी झाली, तर कोणाच्या पायांची संवेदना गेली. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करीत राहते, असे काही डॉक्टरांचे मत होते. इतरांना वाटे की, हे विकार मधुमेहाबरोबर येणारच. साखर आटोक्यात ठेवून ते टळतील याला पुरावा काय? हा वाद कित्येक वर्षे चालला. साखर फार खाली आणली तर रोगी बेशुद्ध पडण्याचे भय होते, म्हणून त्याचा निकाल लागणे अगत्याचे होते.

अखेर १९८३ साली अमेरिका व कॅनडा या देशांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात १४४१ रोगी सहभागी झाले. त्यांतील सर्वांत लहान अवघे तेरा वर्षांचे होते. एका गटाला त्या काळच्या रीतीप्रमाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा इन्सुलिन दिले जाई. दुसऱ्या गटातील लोक दिवसातून निदान चार वेळा बोटाला सुई टोचून रक्तातील साखर मोजीत आणि त्या मानाने दिवसातून तीन किंवा अधिक वेळा इन्सुलिन घेत, अथवा ते पंपाने घेत. बोटांना असा त्रास वर्षानुवर्षे देणे काही सोपे नव्हे! १९९३ मध्ये निष्कर्ष इतका स्पष्ट झाला की, प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. ज्यांचे डोळे आरंभी निरोगी होते, त्यांच्यापैकी दक्ष गटात दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मूत्रपिंडांचे व मज्जातंतूंचे विकारही पुष्कळच कमी झाले होते. मात्र साखर अतिशय उतरण्याचे प्रसंग याच गटात सुमारे तिप्पट घडले, हेही शास्त्रज्ञांनी लपवले नाही.

पुढे दोन्ही गटांना सारखीच दक्षता शिकवण्यात आली व त्यांची साखरही जवळजवळ सारखी राहू लागली. तरीसुद्धा पहिली काही वर्षे जिची निगा चांगली राखली गेली होती, ती मंडळी नंतरही अनेक वर्षे सरस राहिली. शरीर जुना हिशेब सहजासहजी विसरत नाही.

हा हिशेब वाचण्याचीही एक युक्ती आहे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. रक्तात साखर जितकी अधिक, तितकी ती अधिक चिकटते. म्हणून या चाचणीवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. ही परीक्षा मोठी चोख आहे! आदल्या दिवशी लाडू-पेढे टाळून तिला फसवता येत नाही.

याखेरीज, आजार होऊन काही वर्षे लोटली की डोळे, लघवी व पाय यांची नियमाने तपासणी करावी लागते. काही दुखत नसताना तपासणी कशाला, असे कोणी म्हणेल. पण दुखत नाही, हीच तर खरी अडचण आहे. दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या तरी प्रारंभी दिसण्यात काही फरक पडत नाही. डॉक्टर मात्र बाहुलीतून आत पाहून तो बिघाड ओळखतात व वेळीच उपचार करून दृष्टी राखू शकतात. मूत्रपिंड बिघडू लागले की लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन किंचित झिरपू लागते. ते डोळ्यांना दिसत नाही, चाचणीत दिसते. पाय बधिर झाला, तर रुतलेला काटाही कळत नाही आणि जखम चिघळते.

आता कातडीखाली बारीक तार बसवून दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा दाखवणारी उपकरणेही निघाली आहेत. परंतु ती सर्वांना परवडत नाहीत, आणि पुष्कळ मुले अद्याप बोटाला सुई टोचूनच साखर मोजतात. एखादे वेळी खेळताना साखर एकदम उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी मूल शुद्धीवर असेल, तर त्याला लगेच साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज द्यावे व मोठ्या माणसांना बोलवावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित डॉक्टरांची मदत आणावी. साखर पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. आकडा पुरेसा चढला, अंगातील थरथर थांबली, की थोडे खाऊन ते मूल पुन्हा खेळायला मोकळे.