‘एचआर म्हंजे काय राह्यते वं?’

ऑफिसात कुणालाही विचारून बघा, एचआर म्हणजे काय? एक म्हणेल, रांगोळी स्पर्धा. दुसरा म्हणेल, अप्रेझलच्या वेळी गोड हसून चिल्लर हातावर टेकवणारी मॅडम. तिसरा काहीच म्हणणार नाही, कारण त्याच्या शेजारच्याला गेल्याच महिन्यात ‘पाच मिनिटं मीटिंग रूममध्ये येतोस का?’ असा मेसेज आला होता. आपण एचआरवर भरपूर जोक मारतो आणि तीच मॅडम लिफ्टमध्ये भेटली की उगाच ताठ उभे राहतो. खरं ना?

रिसोडला मात्र हा प्रश्न जोक म्हणून विचारला गेला नाही. माझ्या मावसबहिणीनं बीकॉम संपवून घरात जाहीर केलं, ‘मला एचआरमध्ये एमबीए करायचंय.’ त्यावर मावसाजी मला म्हणाले, ‘एचआर म्हंजे काय राह्यते वं? अन् त्याच्यासाठी पुन्याले कायले जा लागते?’

रिसोड म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सोयाबीन, तूर, बाजार समिती. रेल्वे नाही, ती वाशीमला जाऊन पकडायची. 2018 साली नीती आयोगानं देशातले ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, त्यात महाराष्ट्राचे चार होते आणि वाशीम त्यातला एक. आकांक्षित म्हणजे मागास, फक्त सरकारी सौजन्यानं सांगितलेलं. अशा गावात बीकॉम झालेल्या मुलीसमोर दोन रस्ते मळलेले असतात, बीएड आणि बँकेची परीक्षा. तिसऱ्या रस्त्यावर घरातले पैसे एकदाच लागणार, आणि मागे धाकटा भाऊ आहे. त्यामुळे मावसाजींचा प्रश्न अगदी रास्त होता.

मी मासकॉमवाली. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, म्हणून मग थोडं खोदकाम केलं. आणि बॉस, हा विषय रांगोळीपेक्षा फारच भारी निघाला!

एचआरचं आपल्याकडचं मूळ गिरणगावात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. 10 जून 1890 ला कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्याच लढ्यामुळे. म्हणजे तुमचा-माझा वीकेंड! परळच्या सरकारी कामगार संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. 1947 साली सुरू झालेल्या या संस्थेत कामगार विषयातलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्याआधी 1936 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकारानं नागपाड्यात समाजकार्याचं एक कॉलेज निघालं होतं. तेच आजचं ‘टिस’. तिथला एचआरचा कोर्स देशातल्या सगळ्यात मानाच्या कोर्सेसपैकी एक. आधी त्याच्या नावात ‘पर्सोनेल मॅनेजमेंट’ होतं, आता ‘ह्युमन रिसोर्स’ आहे. पण ‘लेबर रिलेशन्स’ हे शब्द त्यांनी नावात आजही ठेवलेत. मला ते फार आवडलं.

कारखान्यात अशी माणसं लागतात कशाला? तर कायदा सांगतो म्हणून. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे 500 किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं होतं. 21 नोव्हेंबर 2025 ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांच्यात सामावले गेले आणि वेल्फेअर ऑफिसरसाठीचा आकडा 250 वर आला. प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायचं, ठरावीक मुदतीच्या नोकरीवाल्याला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क, पगाराची नवी व्याख्या... सगळंच कामगाराच्या बाजूचं आहे असंही नाही. कपात करताना किंवा कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी 100 कामगारांपासून लागायची, आता 300 पासून लागते. हे सगळं टेबलावर बसून वाचणार कोण? एचआरवालेच.

मावसाजींना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांचं अडतीचं दुकान आहे, म्हणून मी हमालांपासून सुरुवात केली. हमाल आज तुमच्या दुकानात पोती उचलतो, उद्या शेजाऱ्याच्या. मग त्याचा मालक कोण? त्याचा पीएफ कोण भरणार? पाठीत उसण भरली तर कुणाकडे जायचं? याच कोड्यावर महाराष्ट्रानं 1969 साली माथाडी कायदा केला. मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी मंडळात जमा करायची आणि तिथूनच पीएफ, बोनस, रजेचा पगार द्यायचा. बहिणीच्या अभ्यासक्रमात पगाररचना, कामगार कायदे, संघटनांशी वाटाघाटी, ट्रेनिंग, असं बरंच काही असणार, पण मूळ कोडं हेच. मावसाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हे तं मी तीस वर्सांपासून करून राह्यलो. बिनपगारी एचआर!’

चूक नव्हतंच ते.

बहिणीची खरी भीती वेगळी होती, इंग्रजीची. ग्रुप डिस्कशनमध्ये पुण्या-मुंबईची मुलं फाडफाड बोलणार आणि आपण? तिला मी एकच गोष्ट सांगितली. वेल्फेअर ऑफिसरच्या पात्रतेत एक जुनी अट आहे. कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला नीट यायला हवी. चाकणच्या लाइनवर विदर्भ-मराठवाड्यातला पोरगा सुट्टी का मागतोय, हे हिला दोन वाक्यांत कळेल. इंग्रजी शिकता येतं, ती शिकेलच. पण हे कुठल्या क्लासमध्ये शिकणार?

गुलाबी चित्र मात्र रंगवायचं नाही. माझी एक कॉलेजमैत्रीण पुण्यात एचआरमध्ये आहे. एका आठवड्यात तिनं इतक्या जणांच्या हातात लेटरं ठेवली की शुक्रवारी कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसेना. नावं वरून आली होती, निरोप फक्त तिचा. ‘शिकवताना केस स्टडी असते गं, समोर बसलेला माणूस नसतो,’ ती म्हणाली. फोनवर मी हे बहिणीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘मग तिनं तरी निदान नीट सांगितलं असेल ना?’

आता पैशांचा फंडा. 2024-25 पासून महाराष्ट्रात एक मोठी सोय झालीय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट एवढीच की प्रवेश सीईटी देऊन सरकारी कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात किंवा अभिमत, खासगी विद्यापीठ गाठलंत, तर विसरा. होस्टेल आणि मेस घरूनच, पण निम्मं ओझं उतरतं. म्हणून माझं स्पष्ट मत, चकचकीत ब्रोशरवाल्या कुठल्याही कॉलेजला कर्ज काढून पैसे देऊ नका. नोकरी हातात असेल तर इग्नूचं एचआरमधलं एमबीए घरबसल्या होतं. पण फ्रेशरसाठी मला ते तितकंसं पटत नाही. इंटर्नशिपचे दोन महिने कारखान्यात काढल्याशिवाय हा विषय अंगात मुरत नाही, असं मैत्रीणही सांगते.

मावसाजींनी शेवटी फॉर्मचे पैसे दिले. सीईटीची पुस्तकं ट्रॅव्हल्सनं पुण्याहून मी पाठवली. कॅपमध्ये पुण्याचं चांगलं कॉलेज लागलं तर पुणे, नाहीतर अमरावती विद्यापीठ, असा घरात तह झालाय. मावशीनं देवाला अमरावतीसाठी साकडं घातलंय. बहिणीनं त्याच देवाला पुण्यासाठी.