अंगावरच्या १२८ खुणा

चांगले शिक्षण मिळेल म्हणून आयव्हरी कोस्टमधील आईवडिलांनी व्हिक्टोरिया क्लिंबिएला नात्यातील एका बाईबरोबर युरोपात पाठवले. (आपल्या पाड्यांवरही लेकरे अशीच विश्वासाने पाठवली जातात.) २५ फेब्रुवारी २००० रोजी ती लंडनमध्ये वारली. वय ८ वर्षे. शवविच्छेदनात १२८ खुणा मोजल्या गेल्या. ती बाई आणि तिचा जोडीदार खुनाबद्दल दोषी ठरले.

पण हे इतके दिवस चालले कसे? त्यासाठी लॉर्ड लॅमिंग यांची चौकशी बसली. २००३ च्या अहवालात सगळ्या नोंदी तारीखवार लावल्या, तेव्हा दिसले की तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हुकल्या होत्या. एका इस्पितळात खुणा खरजेच्या ठरल्या. दुसऱ्यात डोके भाजलेले दिसले, संशयही आला, तरी तिला त्याच घरी पाठवले. प्रत्येकाकडे एकेक कागद होता. सगळे एकत्र कोणी ठेवलेच नाहीत.

तिला प्रार्थनेलाही नेत असत. तेथे भूतबाधा मानली गेली. मंडळीतल्या माणसाला हे वाचवत नाही.

एप्रिल २००८ पासून इंग्लंडात प्रत्येक बालमृत्यूचा आढावा स्थानिक समिती घेते, कारण आजार असो वा मारहाण. आपल्याकडे मूल जिवंत असतानाच कळवायला १०९८ ही मोफत मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते.