दीड फुटाचा दावा

“बांधाचा दावा आहे, दीड फुटाचा. अकरावं वर्ष लागलंय,” ओळखीचे एक वकील सहज बोलून गेले. तो दीड फूट डोक्यातून जाईना. दावा मध्यस्थीकडे गेल्याचं कळल्यावर मी बसू देण्याची विनंती केली. तिथलं बोलणं गोपनीय असतं. दाव्यातल्या दोघा भावांनी संमती दिली ती नाव-गाव न लिहिण्याच्या अटीवर.

तालुका कोर्टातल्या त्या खोलीत डायस नव्हता, पुकारा नव्हता. होतं एक गोल टेबल. मध्यस्थ म्हणजे चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या वकीलबाई. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “निकाल मी देणार नाही. इथलं बोलणं जजसाहेबांपर्यंत जाणार नाही.”

एकत्र बैठकीत जुनंच निघालं: सातबारा, मोजणीचा नकाशा, कोर्ट कमिशनरचा अहवाल आणि पुन्हा दीड फूट. आवाज चढले तशी बाईंनी एकेकाशी वेगळी बैठक घेतली.

माझं लक्ष त्यांच्या पेनाकडे होतं. समोरचा बोलत असेतो त्याचं टोपण निघत नव्हतं. धाकटा बराच वेळ नकाशावरच बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, “मॅडम, बांध गेला की विहिरीवर जायची वाट गेली. मोटारीचं कनेक्शन दादाच्या नावावर. पाणी तोडलं तर मी काय करू?”

बाईंनी टोपण काढलं, कोरा कागद त्याच्याकडे सरकवला आणि पेन त्याच्याच हातात दिलं. “काका, पाण्याचे वार तुम्हीच लिहा.”

दाव्यात आणि कैफियतीत विहिरीचं नावही नव्हतं! कोर्टापुढे प्रश्न हद्दीचा ठेवलेला, तर कोर्ट हद्दच ठरवणार. पाण्याची भीती बोलून दाखवायला जागा मिळाली ती इथे.

थोरल्याने वार मान्य केले, वाट मोकळी ठेवायचं कबूल केलं. धाकट्याने मोजणीची हद्द मान्य केली. तडजोड पुरसीस दाखल झाली. तिच्यावर होणाऱ्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील चालत नाही.

मध्यस्थी आणि लवाद एकाच दमात उच्चारले जातात, ते मला पटत नाही. लवाद निवाडा देतो, आणि तो पक्षकारांना बांधतो. कर्जाच्या करारातलं लवादाचं कलम वाचून सही करणारे किती? निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला 2019 मध्ये सांगावं लागलं.

तडजोडीतही दुबळ्यावर दडपण येऊ शकतं. तसं विचारल्यावर बाई म्हणाल्या, “बहिणीचा हिस्सा असेल तर तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय मी तिची सही घेत नाही.” ही काळजी प्रत्येक मध्यस्थाने घ्यायलाच हवी.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 सध्याच्या रूपात 2002 पासून लागू आहे, 2023 मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. तरी या भावांना अकरा वर्षांत ही खोली कुणी दाखवली नव्हती, याचा मला राग येतो.

तुमचा बांधाचा, वाटपाचा दावा पडून असेल तर पुढच्या तारखेला वकिलांना मध्यस्थीसाठी अर्ज द्यायला सांगा. नाही जमलं तर दावा होता तिथून पुढे चालतो, आणि तिथे बोललेलं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.